तीळ लावलेला भात

ताट समोर आलं की ते आधी गोल फिरवायचे. सगळ्या बाजूनी बगायचे, चष्मा नाकावर खाली घ्यायचे आनि त्या ताटालाच म्हनायचे, "बघू तरी, काय म्हणतंय." मग खायाला सुरवात. घाई कसली ती न्हाई.

त्यांचं नाव मी कधी इचारलं न्हाई. माज्यापेक्षा धा-बारा वर्सांनी मोठे असतील. मी त्यांना साहेब म्हनायची, ते मला "अहो बाई" म्हनायचे.

हाटेल हिंजवडीत, कंपन्यांच्या रस्त्याच्या आतल्या अंगाला. जपानी जेवनाचं. सुशी म्हनत्यात त्याला. भात थापायचा, त्यात काकडी न्हाईतर मासा घालायचा, समुद्रातल्या शेवाळाचा वाळवलेला काळा कागद येतो त्यात गुंडाळायचा आनि चकत्या कापायच्या. मोठ्या हाटेलात हे लई महाग असतं म्हनं. आमची मालकीण तरनी पोरगी. ती आपला इंद्रायनी तांदूळ वापरायची, तो मुळातच चिकट, म्हनून तिला स्वस्तात द्याया परवडायचं. दुपारी कंपनीतली पोरं रांग लावायची. तांदूळ धुवायचा, भांडी घासायची, टेबलं पुसायची, हे माजं काम.

तिथनं दोन इमारती पलीकडं आमचं भाताचं खाचर व्हतं. घरधनी गेले, मग दिरांनी खाचर इकलं, आनि दोन लेकरं घेऊन मी लोकाची भांडी धरली. भात लावत व्हते, आता भात धुते. येवढाच काय तो फरक.

तर हे साहेब पयल्यांदा आले तवा जेवनाची गर्दी सरली व्हती. पार पेठेतनं आले व्हते, पांढरा शर्ट, काखेत छत्री. वाढायला एक मनिपूरची पोरगी व्हती. तिला म्हनाले, "मासा सोडून काय आहे?"

"सर, ककुंबर रोल आहे."

"म्हणजे काकडी. दोन बसा बदलून मी काकडी खायला आलो." आनि तीच मागवली.

ताट आल्यावर त्यांनी हातात पानी घेऊन ताटाभवती फिरवलं आनि टेबलावर भाताची शितं काढून ठेवली, जेवनाआधी देवासाठी काढत्यात तशी. पोरीला वाटलं, म्हाताऱ्याच्या हातनं सांडलं. ती फडकं घेऊन धावली आनि सगळं पुसून मोकळी झाली.

साहेब तिच्याकडं बगत राहिले. "वा. देवाला हात धुवायलाही वेळ दिला नाहीत."

पोरगी "सॉरी सर" म्हनाली. मी तिला आत नेऊन समजावलं. पुडच्या खेपेपासनं ते पानी फिरवाया लागले की ती फडकं पाठीमागं धरून उभी राहायची.

दर आठवड्याला येऊ लागले. मला कळंना, या वयाला हे कशासाठी. तुमी असता तर तुमीबी इचारलं असतं. मी टेबल पुसता पुसता म्हनाले, "साहेब, आवडतं का हे?"

"आवडायचा प्रश्न नाही, बाई. अभ्यास चाललाय."

मग सांगितलं. मुलगा जपानात, सून तिथलीच. पाच वर्सांची नात दिवाळीला पयल्यांदा इकडं येनार. तिला मराठी येत न्हाई, यांना तिची भाषा न्हाई. फोनवर दोघं नुसते एकमेकांकडं बगायचे. तर त्या पोरीनं बापाकरवी निरोप दिला व्हता, मी आले की आजोबांना माज्या हातानं भाताचा गोळा करून देनार. तिला तेवढंच करता येत व्हतं.

"आणि तो मी खाल्ला नाही, तर आमच्यात दुसरं बोलणं काय होणार? सांगा."

काड्यांनी खायाचं शिकले. चकती निसटून जेवनासंगं देत्यात त्या चहात पडली की म्हनायचे, "गेली आंघोळीला." बोटं दुखायची, पन चमचा घेतला न्हाई.

मग एक दिवस मालकिनीला म्हनाले, "आता तो गोळा दाखवा. नात करते तसला."

मालकिनीनं हातानं भात वळला, वर काळे तीळ लावले, पानावर मांडला. मी ताटली नेली. ठेवताना नीट बगितलं. भाताचा गोळा, काळे तीळ, खाली पान. दहाव्याला घाटावर मांडतो तो पिंडच की हो.

साहेबांनी ताटली फिरवली न्हाई. काड्या खाली ठेवल्या. त्यांची बायको आदल्या वर्सी गेली व्हती.

"तिच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता," म्हनाले. "उन्हात उभं राहून मी शब्द दिला, नात या घरात जेवेल, मी तिच्याबरोबर जेवेन. तेव्हा शिवला."

छत्री घेऊन उठले आनि गेले. मालकीण म्हनाली, "आजी, टेस्ट आवडली नाही का त्यांना?" मी म्हनाले, चाखलंच न्हाई त्यांनी.

पुडच्या आठवड्यात आले, परत तेच मागवलं. काडी पुडं न्यायची आनि हात मागं घ्यायचा. त्याच्या पुडच्या आठवड्यात तसंच. दिवाळी तोंडावर आली.

"मुलाला सांगतो," म्हनाले, "पोरीला सांग, आजोबांचं पोट बिघडलंय."

"लेकराला खोटं सांगनार?"

"मग काय करू? तुम्ही खाल्ला असता?"

"खाल्लाय की," मी म्हनाले. "त्याच्यावरच वाढले."

बाप लवकर गेला. आई धरनाच्या कामावर खडी फोडायची, आमी पाच भावंडं तिच्यामागं. ताटली कुटली न्यायची. रातचा भात मीठ लावून मुठीत दाबायची आनि एकेकाच्या हातावर ठेवायची. कधी भात कमी पडला की केलेले गोळे मोडायची आनि परत बारके वळायची. सोतापुरता करायची न्हाई. तिचे तळवे फाटलेले, भातावर त्या भेगा उठायच्या. "मला गोळा दिसला की आधी तिचा हात दिसतो, साहेब. घाट मागनं आठवतो."

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग तळहात पुडं केला. "ताटलीत नको. इथे द्या."

मी हात धुतले, मिठाचं पानी लावलं, भात दाबला. तीळ लावू का, इचारलं.

"लावा. ती लावणारच आहे."

हातावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले न्हाईत, बगत बगत खाल्ला. मधी दोनदा थांबले. गिळून झाल्यावर म्हनाले, "मीठ जरा कमी आहे."

मी म्हनाले, "आईबी कमीच घालायची. मीठ इकत मिळतं."

भाऊबीज झाल्यावर सगळ्यांना घेऊन आले. मुलगा, सून आनि ती पोर, कपाळावर सरळ केस कापलेली. मालकिनीनं तिच्यापुडं भाताचं भांडं ठेवलं. ती खुर्चीवर उभी राहून दाबत बसली. गोळा वाकडा झाला. तीळ तर मूठभर ओतले. ताटलीत ठेवून तिनं ती आजोबांपुडं सरकवली. माज्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

साहेबांनी उजवा तळहात पुडं केला. पोरीला कळंना. तिनं आपला चिकट हात त्यांच्या हातावर ठेवून दिला. मुलगा तिला समजावून सांगाया निघाला तर ते म्हनाले, "राहू दे."

तो हात त्यांनी सोडला न्हाई. दुसऱ्या हातानं ताटलीतला गोळा उचलला आनि खाल्ला. असला सोवळ्याचा मानूस, डाव्या हातानं. पोर त्यांच्या जबड्याकडं बगत व्हती. गिळला तशी ती हसली आनि लगेच दुसरा कराया बसली. तोबी त्यांनी संपवला.

त्यानंतर ते आले न्हाईत. कुनी म्हनतं मुलगा तिकडं घेऊन गेला, कुनी म्हनतं पेठेतच हायेत, जिना उतरवत न्हाई. खरं काय, मला ठाऊक न्हाई.

त्या दिवशी मी ताटली उचलाया गेले तर त्यांनी मला हातानं थांबवलं. ताटलीला तीळ चिकटले व्हते. बोट ओलं करून त्यांनी एकेक तीळ टिपला, खाल्ला, आनि मग ताटली माज्याकडं दिली.