चाचानं हेड घासलं

बाबाच्या जुन्या पेट्रोल गाडीले मले भंगारातला टर्बो लावाचा होता. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबते, म्हणून आधी कॉम्प्रेशन कमी करा लागते, नाहीतर पिस्टन फुटते. त्यासाठी इंजिन अन् त्याचं वरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्या मधात बसवाले मी तांब्याची जाड गास्केट बनवून आणली. हेड फक्त धुवाले कारंज्याच्या लेथवाल्या चाचाकडं देलं, तर त्यानं घासून पातळ केलं! घासल्यानं कॉम्प्रेशन उलटं वाढते!

"चाचा, काहून घासलं? धुवाले सांगतलं होतं ना!"

"अबे, हेड खोललं की आमी घासतोच. कायले बोंबलून राह्यला?"

इंजिन परत जोडलं, तर जाड गास्केटनं जेवढं कॉम्प्रेशन कमी झालं, तेवढंच चाचानं वाढवलं. टर्बो खाटेखाली पडून आहे, अन् बाबा गाडी कामरगावले फिरवून आले.

"शाबास! जशी होती तशीच केली."

असा संताप आला मले!