खिचडी ओतली तो दिवस
करपलेल्या खिचडीचा वास आला की हिंदी मुलखातल्या भैरवगढच्या शाळेतला माझा नवाकोरा मास्तरकीचा रुबाब आठवतो. मुलांच्या आधी जेवण मास्तरनं चाखायचं, असा नियम होता. मी एक घास घेतला, थुंकलो आणि अख्खं पातेलं नालीत उलटं केलं. “ये जानवरों का खाना है क्या?” मी स्वयंपाकीणबाईंवर ओरडलो. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “तो अब बच्चों को क्या खिलाओगे, सरजी? अपना गुस्सा?” थाळी घेऊन बसलेली एक मुलगी डोळे वटारून म्हणाली, “हम तो जली हुई भी खा लेते।” सगळी मुलं उपाशी घरी गेली. हा किस्सा मी आज हसत सांगतो, पण नंतर खोलीचं दार लावून माझा डबा मी एकट्यानं संपवला, हे गाळतो.