लिंबाचा डहाळा

वलवणच्या कस्तुराबाईला दहा ते सहा या वेळात नवरा दिसत नाही. तो जाऊन सहा वर्षं झाली, ते निराळं. पण फोटोत तरी दिसायचा. आता सकाळी दहाला त्या फोटोवर चादर पडते ती संध्याकाळी सहालाच निघते.

झालं असं, की तिची सून प्रेरणा लोणावळ्याला तुंगार्लीतल्या बंगल्यांच्या बुकिंगचं काम करते. मुंबई-पुण्याची माणसं फोन करतात. खोल्या किती, पोहायचा हौद आहे का, कुत्रं आणलं तर चालेल का, सगळं ही त्यांना गोड आवाजात, हिंदी-इंग्रजीत सांगते. आधी बाजारपेठेत कंपनीचं हापिस होतं. कंपनीने ते सोडलं आणि पोरींना म्हणाली, आता आपापल्या घरून करा. घरून म्हणजे घरात कुठून, ते कंपनीने सांगितलं नाही.

माजघरात रेंज नाही. स्वयंपाकघरात येते, पण शिजता शिजता जाते. धड रेंज मिळते ती एकाच जागी, बाहेरच्या खोलीत, ओट्याकडच्या खिडकीपाशी. तिथे कस्तुराबाईचं जुनं शिलाई मशीन होतं. मशीन पोटात दुमडलं, वर फळी टाकली, झालं टेबल. बोलता बोलता प्रेरणाचे पाय खालच्या पायट्यावर हलत राहतात. चाक दिवसभर फिरतं, शिवून मात्र काही होत नाही.

पहिल्याच दिवशी साहेबाने व्हिडिओवर विचारलं, "पीछे ये अंकल कौन हैं?" मागे भिंतीवर हार घातलेले भिमाजी. पोरगी ओशाळली. संध्याकाळी कैलासने, म्हणजे कस्तुराबाईच्या लेकाने, दोन खिळे मारून दोरी बांधली आणि वर फुलाफुलांची चादर टाकली.

"चालेल ना, आई?"

"मला काय इचारतो? त्यांना इचार," असं म्हणून ती भांडी घासायला गेली. मन लावून घासली, कळशीचं बूड पांढरं होईस्तोवर.

मग घराला वळण लागलं. कुकर दहाच्या आत, शिट्ट्या तीनच. मिक्सर आंघोळीआधी. देवाच्या घंटेच्या लोलकाला चिंधी गुंडाळली. घंटा हलायची, देवाला काय ऐकू जायचं ते देव जाणे. शिंक आली की कस्तुराबाई तोंडाला पदर लावून मागच्या दाराकडे पळायची. सत्तरीच्या बाईने पळायचं ते शिंकेसाठी. गॅसवाला आला, कुरियरवाला आला, तर त्याने हाक मारायच्या आत दारात उभं राहायचं, हेही तिच्याकडेच आलं, कारण सूनबाईला कानातलं काढून उठता येत नाही.

एवढं सगळं जमलं. जमेना ते ओट्याचं.

तिच्या ओट्यावर दुपारी दोनला आळीतल्या बायका येतात. आजच्या नाही, गेली वीस-बावीस वर्षं. सुपात तांदूळ घेऊन यायचं, खडे वेचायचे आणि कुणाकुणाच्या घरचे खडेही वेचायचे. सगळ्यांत आधी येते रतनबाई. ही कस्तुराबाईच्या बरोबरीची, एकाच वर्षी दोघी वलवणात नांदायला आल्या. मन लोण्याचं, पण आवाज असा, की हिने इकडे "काय गं" म्हटलं तर धरणाच्या त्या काठाची म्हैस मान वर करून बघते. आणि खिडकी बरोबर तिच्या डोक्यावर.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "मॅडम, आप मंडी में बैठी हो क्या?" दुसऱ्याने साहेबाकडे तक्रारच केली.

प्रेरणा रडकुंडीला आली. "आत्या, तीन महिने नीट गेले की मी पक्की होणार. ते येत्या सोमवारी भरतायत, त्या दिवशी साहेब स्वतः माझे सगळे फोन ऐकणार आहेत. तेव्हा आवाज आला तर संपलं. तुम्ही सांगा ना बायकांना, येऊ नका म्हणून."

"दारात आलेल्या माणसाला येऊ नको म्हणू? माज्या जिभेला ते वळत न्हाई, बाई."

मग प्रेरणाने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराला चिकटवलं, काम चालू आहे. दुपारी बायका आल्या. एकीला वाचता येत होतं, तिने मोठ्याने वाचलं. रतनबाई म्हणाली, "आता गं बया! काय काम काढलंस? फरशी बसवतीस व्हय?" आणि फरशी बघायला पाचही जणी सुपं घेऊन आत आल्या.

सोमवार उजाडला. पोरीने दोन घास पोटात ढकलले, केस विंचरले, चादर सरळ केली. सरळ केलेली चादर परत एकदा सरळ केली. ते बघितलं आणि कस्तुराबाई चपला घालून बाहेर पडली. वलवणात कडुलिंब तसा कमीच, इथला पाऊस त्याला मानवत नाही. शाळेमागे एक रोडकं झाड आहे, तिथवर गेली, डहाळा मोडला, पदराखाली झाकून आणला आणि दाराच्या कडीला अडकवला. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवला.

लिंबाचा डहाळा आणि तांब्या म्हणजे घरात कुणाच्या अंगावर देवी आली. डॉक्टर त्याला कांजिण्या म्हणतात. अशा घरात कुणी पाऊल टाकत नाही, मोठ्याने बोलत नाही, आणि त्या घरच्यानेही दुसऱ्याच्या दारी जायचं नाही. हे आळीत कुणाला वाचून दाखवावं लागत नाही.

दोनला रतनबाई आली. कस्तुराबाई दाराच्या फटीतून बघत होती. रतनबाईने डहाळा बघितला, खिडकीकडे कान दिला, थोडी थांबली. मग हात जोडून कपाळाला लावले आणि आल्या पावली मागे गेली. बाकीच्याही तिच्या मागोमाग.

त्या दुपारी घरात असं सामसूम झालं, की तांदळातला खडा ताटलीत पडला तरी वाजत होता. सहाला प्रेरणाने चादर ओढून काढली आणि सासूच्या गळ्यातच पडली. पक्की झाली होती. कैलास मात्र कपाळाला हात लावून घरी आला. "आई, स्टॉपवर चार जणांनी इचारलं, बायकोला देवी आली म्हणं? काय करून ठेवलंस?" तिघंही हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी आवाज करून हसलं.

एका दिवसाचं काम होतं, ते झालं. पण देवी काही एका दिवसात जात नाही. आता खोटं होतं म्हणावं, तर देवीचं नाव घेऊन खोटं बोलली म्हणून आळी तोंडात शेण घालील. नऊ दिवस गप्प बसायचं. दुपारी दोनला कस्तुराबाई सूप घेऊन एकटीच ओट्यावर बसायची. निवडलेलेच तांदूळ परत निवडायची. चौथ्या दिवशी वरच्या अंगाने हसण्याचा गलका आला. रतनबाईच्या ओट्यावर बसल्या होत्या सगळ्या. काय बोलतात ते कळत नव्हतं, हसतात तेवढं कळत होतं. खिडकीतून सूनबाईचा आवाज येत होता, "जरूर आइए सर, सब लोग आइए, लोनावला में आपका स्वागत है." परक्या माणसाला इतक्या मायेने या म्हणणारी ही पोर घरात पाणी मागायची तेही हाताच्या खुणेने.

आठव्या दिवशी डहाळा सुकून पार तपकिरी झाला. कस्तुराबाईने मनात म्हटलं, उद्या काढू. सकाळी उठून बघते तर कडीला हिरवागार डहाळा. ती बघतच राहिली. कैलासला असली कामं सुचत नाहीत. प्रेरणाच्या चपलेला शाळेमागची लाल माती होती.

"राहू द्या ना, आत्या, अजून थोडे दिवस," प्रेरणा खाली बघत म्हणाली. "किती शांत वाटतं. या आठवड्यात एकपण तक्रार नाही."

पोरीचं चुकलं असंही म्हणवेना. डहाळा दाखवला कुणी? कस्तुराबाईनेच. दोनच्या सुमाराला तिने दहीभात कालवला, वर आंब्याची फोड ठेवली, डहाळा कडीवरून काढून ताटात घातला आणि देवी बोळवायला वेशीकडे निघाली. वाट रतनबाईच्या दारावरूनच जाते.

पाच सुपं थांबली.

"उतरली का गं देवी?" रतनबाईने विचारलं.

"उतरली."

"लई शिकलेली देवी म्हनायची. अंगात येऊन फडाफडा इंग्रजी बोलत व्हती. खिडकीतनं पैल्याच दिवशी ऐकली मी."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. कस्तुराबाईने ताट ओट्यावर टेकवलं. "मंग माघारी का गेलीस?"

"तू येऊ नका म्हनलीस ना. तोंडानं न्हाई म्हनलीस, कडीला लावून म्हनलीस. आमास्नी कळतं." रतनबाईने सूप आपटलं. रागाने की नुसता कोंडा उडवायला, ते कळलं नाही. मग बाजूला सरकली. "ये, बस घडीभर. भात उन्हानं आंबल."

कस्तुराबाई बसली. पण बसता बसता तिचं ध्यान खालच्या वाटेकडे. आज गॅसवाला यायचा होता. तो दारातून "गॅस!" म्हणून ओरडला तर? घडीभराने ती उठली.

"दुपारची येत जा हितंच," रतनबाई म्हणाली.

"येईन की. जमंल तशी."

दोघींनाही माहीत होतं, जमायचं नाही.

वेशीवर नैवेद्य दाखवून ती घरी आली. सूनबाई फोनवर होती. कस्तुराबाई पाय न वाजवता तिच्या मागून गेली, चादरीखाली हात घालून भिमाजींचा फोटो खिळ्यावरून काढला आणि पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात आली. तांदळाच्या डब्यावरच्या खिळ्याला जुनी चाळण होती, ती उतरवून तिथे फोटो टांगला. हार जरा वाकडा झाला, तो नीट केला.

"तुमची बदली झाली," ती म्हणाली. "आता सहाची वाट बघायला नको."

मग सूप पुढ्यात घेऊन बसली. रतनबाई काय बोलली, डहाळ्याचं काय झालं, पहिल्यापासून सांगायला लागली. सांगता सांगता तिच्याच ध्यानात आलं, आपण कुजबुजतोय. इथे बोललेलं बाहेर ऐकू जात नाही, तरी कुजबुजतोय.

बाहेरच्या खोलीत मशीनचं चाक फिरत होतं. प्रेरणा कुणालातरी म्हणत होती, या, नक्की या.