पायलट ठीक?

आमच्या भाऊजींइतका सावध माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतका बेफाम म्हणून बदनाम झालेलाही दुसरा नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते विमान चालवायचे आणि मोटरसायकलही चालवायचे. साठ सालानंतरच्या त्या चारपाच वर्षांत आमच्या घाटंजीला विमान म्हणजे आभाळातून जाणारा आवाज आणि मोटरसायकल म्हणजे रस्त्यानं जाणारा आवाज. हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे असल्यावर गाव त्याच्याबद्दल बरं बोलणार कसं? मी तिथल्या शाळेत मास्तर. आठवडी बाजारात कोणी ना कोणी गाठायचंच. "पोरगी देताना काही पायलं नाही का जी, मास्तर?" ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी मॅट्रिकच्या अभ्यासात बुडालो होतो. मी काय पाहणार, कपाळ!

भाऊजींचं काम फवारणीचं, बिऱ्हाड यवतमाळला. कपाशीवर अळी पडली की ते एक लहानसं विमान घेऊन शेतावर यायचे आणि पऱ्हाटीच्या शेंड्यांना चाकं लागतील की काय इतक्या खालून औषध मारत जायचे. शेताच्या दोन्ही टोकांना माणसं झेंडे घेऊन उभी असत, आणि विमान आलं की झेंडा टाकून पळत. यवतमाळबाहेर लोहाऱ्याच्या अंगाला माळरानावर एक तात्पुरती धावपट्टी केली होती, तिथे हे विमान उभं असे. बाकी सगळा जिल्हा भाऊजी मोटरसायकलवरून तुडवायचे. ती लष्कराच्या लिलावातून घेतलेली होती. तिचा मूळ रंग हिरवा, असं ते सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो.

आता त्यांची सावधगिरी सांगतो. लोक मोटरसायकलवर टांग टाकतात आणि जातात. भाऊजी आधी तिला प्रदक्षिणा घालायचे. नेहमी डावीकडून. चाकं दाबून पाहायची, ब्रेकची तार ओढून पाहायची, टाकीत बांबूची कामटी बुडवून पेट्रोल किती ते पाहायचं. मग खिशातून चिमूटभर कापूस काढून हवेत सोडायचा आणि वारा कुठून आहे ते बघायचं. शेवटी मोठ्यानं स्वतःलाच विचारायचं, "गाडी ठीक? ठीक. हवा ठीक? ठीक. पायलट ठीक? ठीक." आणि मग किक. विमानाच्या वेळी हेच प्रश्न त्यांचा मिस्त्री विचारायचा. हा मिस्त्री यवतमाळचा एक म्हातारा मुसलमान कारागीर. विमान आणि मोटरसायकल दोन्ही तोच सांभाळायचा आणि दोघींनाही 'बेटी' म्हणायचा. एकदा ताईला कळा सुरू झाल्या आणि भाऊजी दवाखान्यात न्यायला टांगा घेऊन आले. ताई सांगते की त्या टांग्यालाही त्यांनी प्रदक्षिणा घातली. घोड्याचे चारही पाय पाहून झाले, तेव्हा तीच म्हणाली, "अहो, पायलट ठीक नाही, चला लवकर!"

आमच्या घरी आले की सरळ दारात कधी थांबले नाहीत. आधी घराला एक पूर्ण चक्कर, अंगण मोकळं आहे की नाही याची पाहणी, आणि मगच उतरायचं. अंगणात शेळी उभी असली तर पुन्हा एक चक्कर. आई तो आवाज ऐकून चुलीवर चहाचं आधण ठेवायची. "जवाई घिरट्या घालून राह्यले, साखर काढ," म्हणायची. एकदा शेळी काही केल्या हलेना. पाच चकरा झाल्या आणि चहा आटून काढा झाला. भाऊजींनी तो निमूटपणे प्यायला. सासुरवाडीला आलेला जावई म्हणून ते फार गुणी होते.

चहा पिताना मात्र त्यांचं तोंड सुटायचं, आणि विषय एकच. "मास्तर, विमान न् मोटरसायकल सख्ख्या बहिणी आहेत. मोटार त्यांची कोणी लागत नाही." मी काहून म्हणून विचारलं की झालं. "अरे, वळताना झुकते ते वाहन. मोटार झुकते का? तिले वळवलं की आतला माणूस बाहेर फेकला जाते. ते कपाट आहे, चाकं लावलेलं कपाट." दोघींनाही मागं जाता येत नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. म्हणून शिरतानाच निघायची वाट पाहून ठेवायची. हा नियम ते इतका पाळायचे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा मांडवाच्या तोंडाशीच बसत, आणि जिलबी त्यांच्यापर्यंत पोचता पोचता संपलेली असे. फरक विचारला तर म्हणायचे, "वर धूळ नाही. अन् खाली, पडलं तर लोकं उचलायले येतात."

त्यांच्या मागं बसणं ही एक परीक्षा होती. वळणावर गाडी कलली की माणूस भीतीनं उलट्या बाजूला कलतो. मीही कललो. भाऊजींनी गाडी उभी केली आणि मला खाली उतरवलं. "हे पाह्य, तू मले मदत करून राह्यला असं तुले वाटते. तू मले पाडून राह्यला. माह्या संगं झुक. भेव वाटलं तर डोये मीट, पण झुक." मी डोळे मिटून झुकायला शिकलो. पुढे पुढे डोळे उघडेही ठेवू लागलो.

उघड्या डोळ्यांचा उपयोग होणार होता. त्या वर्षांत खेडोपाडी नुकतीच वीज येत होती आणि फवारणीच्या पायलटला अळीपेक्षा तारांचं भय जास्त. म्हणून ज्या शेतावर उद्या औषध मारायचं, त्याला आज मोटरसायकलनं फेरी घालायची, हा भाऊजींचा शिरस्ता. तार वरून दिसत नाही, खांब दिसतात. खांब मोजायचे आणि कागदावर टिपायचे. शनिवारी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी मीही मागं बसून जायचो आणि कागद धरायचो. ताईला त्या फेरीचा फार आधार होता. विमान उडालं की परतेपर्यंत ती पाणीसुद्धा पीत नसे. मला म्हणायची, "खांब नीट मोजजो बाप्पा."

पाचव्या वर्षी भाऊजी 'पायलट ठीक?' या शेवटच्या प्रश्नाला जरा घाईनं उत्तर द्यायला लागले होते. विमानाच्या परवान्यासाठीची नागपूरची डोळ्यांची तपासणी महिन्यावर आली होती. घाटंजीच्या बाजारात ते लांब उभं राहून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचे. मला आधी गंमत वाटली. मग लक्षात आलं की ज्या पाट्या त्यांना पाठ आहेत, त्याच ते वाचतात. एखादी नवी पाटी दिसली की त्यांना तहान लागायची आणि ते पाणी शोधत भलतीकडे वळायचे.

आणि तो शनिवार आला. आर्णीच्या वाटेवरचं एक शेत होतं. फेरी पुरी झाली आणि भाऊजी म्हणाले, "लिही, पाच."

"सहा," मी म्हणालो.

"पाच आहेत, मास्तर. शाळेतली गणितं शाळेत."

"भाऊजी, तो पाहा ना, विहिरीपाशी, पळसाच्या आड. तिथून पंपाले तार गेली आहे."

त्यांनी पाहिलं. एक डोळा हातानं झाकून पाहिलं, मग दुसरा झाकून. मग गाडी शेताच्या बांधापर्यंत नेली, उतरले, पऱ्हाटीतून चालत गेले आणि त्या खांबावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. "आहे," म्हणाले. एवढंच. मी कागदावर सहा लिहिलं. उद्या सकाळी ते विमान नेमकं याच विहिरीवरून जाणार होतं.

परतताना मला म्हणाले, "ताईले सांगू नोको." मी हो म्हणालो आणि त्या रात्री ताईच्याच घरी अंथरुणात पडून स्वतःलाच लाख शिव्या दिल्या. सांगावं तर त्यांचं विमान जाणार. न सांगावं तर ताईचं सगळंच जाणार. मला कधीच इतकं भ्याड वाटलं नव्हतं. भल्या सकाळी मी त्यांच्या मागं बसून लोहाऱ्याला गेलो. वाटेत दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा मिटलं. गाडीला प्रदक्षिणा त्यांनी नेहमीसारखीच घातली होती, प्रश्न मात्र विचारलेच नव्हते.

धावपट्टीवर औषध भरून तयार होतं. शेतमालक उतावीळ होऊन घड्याळ पाहत होता. अळी त्याच्या बोंडात शिरली होती, त्याचंही चूक नव्हतं. मिस्त्रीनं विमानाला फेरी घातली आणि पाठ झालेलं विचारलं, "गाडी ठीक?"

"ठीक."

"हवा ठीक?"

"ठीक."

"पायलट ठीक?"

भाऊजी पंखावर हात ठेवून उभे होते. 

"नाही, मिस्त्री," ते म्हणाले. "पायलट ठीक नाही. डोयानं दगा देल्ला."

मालक ओरडायला लागला. मिस्त्रीनं त्याला हातानं गप्प केलं, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, "साहब, पाच साल से पूछ रहा हूँ. ऐसा जवाब देने कू जिगर लगता है." मग तो तोंड फिरवून उगाच चाकात हवा पाहायला लागला. आणि मी, मास्तर माणूस, पंधरा माणसांसमोर रडलो. भाऊजी माझ्या पाठीत धपका घालून म्हणाले, "तू कायले रडतं? तुले तर सहा मोजता येतात!"

त्यांना जाड भिंगांचा चष्मा लागला, फवारणीचं उडणं सुटलं. पण हात बांधून बसणारा माणूस नव्हे तो. आठ दिवसांत नागपुराहून एक तरणा पायलट आला आणि भाऊजी त्याच्यासाठी जिल्ह्यातले खांब शोधत मोटरसायकलवर हिंडू लागले. खांब वरून ठळक दिसावा म्हणून मागे चुन्याचा डबा नि ब्रश. दिसला खांब की मार चुना! तांड्यांवरची पोरं त्यांना चुनेवाला पायलट म्हणायची. ताईनं विमान उडत असताना पाणी प्यायला सुरुवात केली. तो तरणा पायलट काम संपवून परतताना आमच्या रस्त्यावरून जायचा आणि एक पंख खाली झुकवायचा. भाऊजी रस्ता सरळ असला तरी मोटरसायकल कलवून जबाब द्यायचे. "झुक, मास्तर!" मी झुकायचो. दोघांची तोंडं आभाळाकडे. आज आठवलं तरी छाती भरून येते.

आता ते नाहीत. माझ्याकडे एक जुनी स्कूटर आहे. तिलाही मी डावीकडून प्रदक्षिणा घालतो, बायको खिडकीतून हसते. गाडी ठीक, हवा ठीक. तिसऱ्या प्रश्नाला मी अजूनही सवयीनं पटकन 'ठीक' म्हणून टाकतो. मग पळसाआडच्या खांबावर ठेवलेला तो तळहात आठवतो. मी किकवरचा पाय काढतो आणि खरं उत्तर द्यायचं म्हणून तोच प्रश्न स्वतःला पुन्हा एकदा विचारतो.