बाईंचा मुलगा थुंकतो

"जवळ ये जरा," असं बाई म्हणाल्या की आमच्या मजल्यावरचा कुठलाही पुरुष आपोआप श्वास रोखायचा. बाई नाक किंचित पुढे करायच्या, हुंगायच्या आणि निकाल द्यायच्या. "हं. कांदाभजी. जा."

ठाकुर्लीला आमच्या समोरच्याच दारात त्या राहायच्या. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणायची. हुंगण्याची सवय मात्र शाळेतली नव्हे. त्यांचे यजमान रोज संध्याकाळी पिऊन यायचे. दार उघडल्या उघडल्या, आज कितपत झालीये, याचा अंदाज बाईंना घ्यावा लागायचा. पुढे ते त्यातच गेले. बिल्डिंगने 'पोटाचं दुखणं' असं ठरवून टाकलं. आपण शेजारी अशा बाबतीत फार समजूतदार असतो. सगळं माहीत असतं आणि बोलत काहीच नाही. निदान त्या माणसासमोर तरी.

एकुलता एक मुलगा निखिल. सूक्ष्मजीवशास्त्र शिकला आणि नाशिकच्या पुढे नोकरीला लागला. कसली नोकरी, असं विचारलं की बाई म्हणायच्या, "फळप्रक्रिया."

"कुठली फळं?"

"द्राक्षं."

"मग त्यांचं काय करतात?"

"प्रक्रिया."

तो वाइन बनवायचा. हेही सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी त्याला सांगून टाकलेलं, ती नोकरी सोडल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही. कधी कामासाठी इकडे आला तर तो खाली गेटपाशी मला भेटायचा, द्राक्षांची पेटी माझ्या हातात द्यायचा आणि वर न बघता निघून जायचा.

अशात आमच्या सोसायटीने सहलीसाठी नेमकं निखिलच्या नोकरीचंच गाव निवडलं. कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकलेला : तळं, डोंगर, द्राक्षांच्या रांगा, आणि खाली लिहिलेलं 'हुबेहूब इटली'. इटली आमच्यापैकी कुणीच पाहिलेली नव्हती, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. बाई येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण त्यांनी सगळ्यांत आधी नाव दिलं. "मी गाडीतून उतरणार नाही," म्हणाल्या. "तुमच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं."

मी निखिलला फोन केला.

"आई उतरणार नाही? गाडीतच बसणार?" तो म्हणाला. "ऊन लागेल ना दादा तिला."

गाव खरंच देखणं होतं. कौलारू घरांना निळे रंग दिलेले. एका जुन्या किराणा दुकानाचा कॅफे झालेला, आणि त्यात चहा सोडून सगळं मिळत होतं. आमच्या बायकांनी डोंबिवलीत घेतलेल्या गवती टोप्या डोक्यावर चढवल्या. पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याचे भरपूर फोटो काढले गेले. तो बिचारा एसटीची वाट बघत होता.

वाइनरीच्या आवारात निखिलने आमची बस स्वतः हात दाखवून आंब्याखाली लावून घेतली. बाईंनी मान दुसरीकडे वळवली. पण सावली होती ती नेमकी वाइन चाखायच्या हॉलच्या मोठ्या खिडकीसमोर. आम्ही आत गेलो. निखिलने पेला हातात घेतला, फिरवला, डोळे मिटून वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकला. दुसरा पेला. पुन्हा थुंकला. तिसरा.

हॉलचं दार उघडलं. दारात बाई उभ्या होत्या. आमच्या सेक्रेटरींनी पेला पाठीमागे लपवला.

"जवळ ये जरा," बाई निखिलला म्हणाल्या.

तो समोर जाऊन मान खाली घालून उभा राहिला. बाईंनी बराच वेळ वास घेतला.

"दिवसातून किती वेळा करतोस हे?"

"सीझनला चाळीस-पन्नास वेळा."

"आणि दरवेळी थुंकतोस?"

"थुंकावंच लागतं, आई. नाहीतर पुढची चव कळत नाही."

"एकदाही गिळली नाहीस?"

निखिलने हातातला पेला खाली ठेवला. 'नाही' म्हणाला असता तर प्रश्न मिटत होता.

"दिवाळीत घेतलेली," तो म्हणाला. "एक पेला. सगळे घरी गेलेले आणि मी एकटाच होतो."

बाई खुर्ची ओढून बसल्या. पदराने चष्मा पुसला. "दारात उभं राहून खरं बोलले नाहीत रे ते कधी," त्या म्हणाल्या. कुणाविषयी, ते कुणी विचारलं नाही.

तुम्हाला वाटेल, त्यांनी एक घोट घेतला असेल. छे. त्यांनी पाणी मागितलं, आणि पेला विसळलेला आहे ना याची खात्री करून प्यायल्या.

परतीच्या वाटेवर कसारा घाट उतरेपर्यंत त्या बसमधल्या प्रत्येकाला सांगत होत्या, "आमचा निखिल थुंकतो हो." बिल्डिंगमध्येही तेच. 'जिन्यात थुंकू नये' ही पाटी ज्यांनी भांडून लावून घेतली, त्याच बाई जिन्यात लोकांना थांबवून मुलाचं थुंकणं कौतुकाने सांगायच्या.

वर्षभराने त्या निखिलकडे राहायला जायला निघाल्या. सकाळपासून तो सामान खाली वाहत होता. दुपारी मी चहा घेऊन गेलो तर घर रिकामं झालेलं. पंखेही काढलेले. जमिनीवर एक सतरंजी, तिच्यावर निखिल तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि वर्तमानपत्राने त्याला वारा घालत होत्या. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता.

"उठवू का त्याला?" मी विचारलं.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबू दे टेम्पोला," त्या हळूच म्हणाल्या. "या खोलीत नुसता दमून झोपलेला पुरुष मी पहिल्यांदाच बघतेय."