स्वेटरवरची जर्सी

दिल्लीत, मुनिरकात माझ्या समोरच्या खोलीत मणिपूरचा एक विद्यार्थी राहायचा. नाव कधी विचारलं नाही. फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली तसा तो रोज स्वेटरवरून भारताची निळी जर्सी घालू लागला. जिना उतरण्याआधी थांबून ती दोन्ही हातांनी ताणायचा, छातीवरचं ‘इंडिया’ नीट दिसावं म्हणून. मला वाटायचं, फुटबॉलचं वेड, दुसरं काय!

भारत हरून स्पर्धेबाहेर पडला, त्या संध्याकाळी तो जिन्यातच बसला होता. मी म्हटलं, “छोडो यार, अगली बार.”

खाली गल्लीत उभ्या टोळक्याकडे बघत तो हळूच म्हणाला, “मैच थे तो ये लोग स्कोर पूछते थे. अब फिर पूछेंगे, किस देश से आया है.”

दुसऱ्या सकाळी कडाक्याची थंडी होती. तो तीच जर्सी घालून निघाला. रात्री धुतलेली, अजून ओलीच होती.