ट्रायपॉडची गाठ

आमची पलटण तेव्हा लडाखमध्ये होती. मशीनगनच्या जोडीत मी नंबर वन, बरकू नंबर टू. मी जव्हारचा, तो मोखाड्याकडचा. दोघांचीही शाळा दहावीला सुटलेली. गन माझ्या खांद्यावर, ट्रायपॉड त्याच्या पाठीवर.

लोक विचारतात, तीनच पाय का? चार पायांचं टेबल खडकावर डुगडुगतं, तीन पाय कुठेही टेकतात. त्या ट्रायपॉडवर आम्ही मोजेसुद्धा वाळवलेत. बरकू म्हणायचा, "घरी तिवईवर माठ ठेवायचा, इथं गन. नोकरी तीच!"

त्या दिवशी वरच्या पोस्टवर जायचं होतं. वाटेतला नाला सकाळी दहाच्या आत ओलांडायचा. ऊन चढलं की बर्फ वितळतो, पाणी वाढतं. पण मोठे साहेब भेटीला येणार होते. एक वाजेपर्यंत आम्ही रांगेत उभे.

सकाळीच ट्रायपॉडच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. स्टोअरवाला म्हणाला, "कल आना." मग मीच दोरीने तो बरकूच्या पाठीला बांधला, आमच्याकडे लाकडाची मोळी बांधतात तसा. ती गाठ भिजली की आवळते. पाण्यात ओझं एका झटक्यात सुटलं पाहिजे, हा नियम मला पाठ होता. तरी बांधली.

बरकू हसला, "जव्हारच्या बाजारात विकतोस काय रं मला?"

१४:१० ला नाल्यावर पोचलो. सुभेदार साहेबांनी वायरलेस सेट उचलला.

"पानी ज़्यादा है. ओव्हर."

पलीकडून उत्तर आलं, "पोस्ट आज ही चाहिए. आउट."

दोर बांधून उतरलो. मधोमध बरकूचा पाय सरकला. एका हाताने त्याने दोर धरला, पण ट्रायपॉड त्याला खाली ओढत होता.

"गाठ सोड! गाठ सोड रं!" बरकू ओरडला.

मी पोचलो. बोटं बधिर झाली होती. गाठ हलली नाही. १४:१६ ला तो माझ्या हातून गेला.

पाच वाजता खाली सापडला. ट्रायपॉड पाठीवर तसाच. धुऊन तो स्टोअरला जमा झाला. तिन्ही पाय शाबूत होते.

चौकशीच्या आधी सुभेदार साहेब म्हणाले, "गाँठ का नाम मत लेना, बेटा. घर पालना है तुझे." मी घेतलं नाही. मोठ्या साहेबांच्या भेटीचा आणि बक्कलचा विषयही कुणी काढला नाही. कागदावर आलं, पाण्याचा जोर. माझी नोकरी राहिली, पेन्शन बसली, घर पक्कं झालं. सुभेदार साहेबांचे उपकार मी विसरणार नाही. आता पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर असतो. अजूनही कुणी दोरी मागितली की देतो, गाठ मात्र त्यांनाच बांधायला सांगतो.

त्या वर्षी सुट्टीत मोखाड्याला गेलो तेव्हा बरकूच्या आईने नाचणीची भाकरी वाढली. मी खाली बघून खात होतो.

"जाताना कोणाला हाक मारली रं त्यानं?"

"तुला," मी म्हणालो. "आई म्हणाला."

तिने पदराने डोळे पुसले आणि अजून एक भाकरी वाढली.

ती हाक मला होती.